गुण कोणता, दोष कोणता? : एका बेसबॉल-गेमच्या परीक्षणाच्या निमित्ताने

३.१ विषयाची निवड

या पुस्तिकेच्या मागील घटकांत आपण ग्रंथपरीक्षण, नाट्यपरीक्षण आणि चित्रपटपरीक्षण यांचा परिचय करून घेतला. या तिन्ही प्रकारांना मराठीत दीर्घ परंपरा आहे आणि परीक्षकाच्या हाताशी तयार परिभाषा असते. ही सोय पुष्कळदा घातक ठरते. 'संवाद खटकेबाज', 'छायाचित्रण नेत्रसुखद', 'मांडणी विस्कळीत' ही विशेषणे लेखणीतून आपोआप उतरतात आणि आपण निर्णय दिला असे आपल्याला वाटते. त्या निर्णयाचा आधार कोणता, हे मात्र वाचकाला कळत नाही. म्हणून या घटकासाठी मुद्दाम अशी कृती निवडली आहे, जिच्याविषयी मराठीत तयार वाक्ये जवळजवळ नाहीत : कन्सोलवर खेळावयाचा बेसबॉलचा व्हिडिओ गेम. कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी-संचाला जोडलेले, गेम खेळण्यासाठीच बनवलेले संगणकयंत्र. काही कन्सोल हातात धरूनही खेळता येतात.

संपर्कसत्रांत असा विषय दिला की दोन प्रकारचे लेखन हाती येते. तरुण विद्यार्थी 'ग्राफिक्स एक नंबर' असे लिहून मोकळे होतात आणि प्रौढ विद्यार्थी 'मुलांचा वेळ वाया घालवणारे साधन' असा निकाल देतात. दोन्ही वाक्यांत मत आहे, परंतु परीक्षण नाही. दिलेले कारण वाचकाला स्वतः तपासून पाहता आले, म्हणजे मताचे परीक्षण होते.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांविषयी थोडा खुलासा. मराठीत 'खेळ' हा शब्द मैदानावरील क्रीडेलाही चालतो आणि पडद्यावरील कृतीलाही. गोंधळ टाळण्यासाठी येथे मैदानावरच्याला 'खेळ' आणि पडद्यावरच्याला 'गेम' म्हटले आहे. 'गेम' हा शब्द काहीजण पुल्लिंगी, तर काहीजण स्त्रीलिंगी योजतात. येथे तो पुल्लिंगी घेतला आहे.

आपले मुख्य उदाहरण 'एमएलबी द शो २३' हे आहे. सोनी कंपनीच्या सॅन डिएगो स्टुडिओने तयार केलेला हा गेम मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'एमएलबी' म्हणजे मेजर लीग बेसबॉल, ही अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. या मालिकेचा पहिला गेम २००६ साली आला आणि तेव्हापासून दरवर्षी एक आवृत्ती निघते.

३.२ खेळाची तोंडओळख

क्रिकेट जाणणाऱ्याला बेसबॉल समजणे अवघड नाही. मात्र क्रिकेटचे शब्द तेथे नेऊन चालत नाहीत. पिचर हा चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो, म्हणून त्याला 'गोलंदाज' म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. बॅटरसमोर एक काल्पनिक चौकट असते : रुंदी पायाशी असलेल्या पाटाएवढी, उंची साधारण गुडघ्यापासून छातीखालपर्यंत. या चौकटीतून गेलेला आणि न मारलेला चेंडू 'स्ट्राइक' ठरतो. मारण्याचा प्रयत्न हुकला तरीही स्ट्राइकच. चौकटीबाहेरून गेलेल्या आणि बॅटरने सोडून दिलेल्या चेंडूला 'बॉल' असे पारिभाषिक नाव आहे आणि त्याचे भाषांतर 'चेंडू' असे केल्यास सारा अर्थच हरवतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चार बॉल झाले की त्याला पहिल्या तळापर्यंत फुकट चाल. तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते. असे नऊ डाव.

गेमच्या परीक्षणासाठी दोन आकडे लक्षात ठेवावेत. पिचर आणि बॅटर यांच्यामधील अंतर सुमारे १८.४ मीटर असते. ताशी १५० किलोमीटरच्या आसपासचा वेगवान चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. एवढ्या अवधीत बॅटरने चेंडूचा प्रकार ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. दुसरा आकडा याचाच परिणाम आहे. दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके मारणारा बॅटर उत्तम गणला जातो. एका संपूर्ण हंगामात दहापैकी चारांचे प्रमाण गाठणारा मेजर लीगमधील एक बॅटर टेड विल्यम्स. ते वर्ष होते १९४१.

थोडक्यात, हा अपयशाचा खेळ आहे. उत्तम खेळाडूही दहातून सहा-सात वेळा मान खाली घालून परत येतो. ज्या गेमला या खेळाशी प्रामाणिक राहायचे आहे, त्याला आपल्या ग्राहकाला वारंवार बाद करावे लागणार. आणि ग्राहकाने तर करमणुकीसाठी पैसे मोजलेले आहेत. बेसबॉल-गेमच्या गुणदोषांची चर्चा या पेचापासून सुरू होते.

३.३ नित्यदोष आणि अनित्यदोष

हा पेच सोडवण्यासाठी लागणारे साधन आपल्याच काव्यशास्त्रात आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने आणि त्यानंतर अकराव्या शतकात मम्मटाने दोषविचार करताना एक मार्मिक भेद मानला. काही दोष कोठेही आले तरी दोषच असतात, ते नित्य. काही दोष विशिष्ट रसाच्या संदर्भातच दोष ठरतात, ते अनित्य. कर्णकटू, कठोर वर्णांची रचना शृंगारात खटकते. पण तीच वीर वा रौद्र रसात शोभून दिसते, किंबहुना तेथे तिची गरज असते. वर्ण तेच, रचना तीच. ती कोणत्या रसाच्या सेवेत आहे, यावरून दोषाचा गुण होतो.

हा भेद परीक्षकाला एक शिस्त लावतो. 'हे वैगुण्य आहे' असे लिहिण्यापूर्वी त्याने विचारावे : या कृतीने कोणते कार्य हाती घेतले आहे, आणि त्या कार्याच्या दृष्टीने हे वैगुण्य ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर न देता लिहिलेली गुणदोषांची यादी कितीही लांब असली तरी तिला परीक्षण म्हणता येत नाही. जाहिरात आणि निंदा या दोहोंतही अशा याद्या असतातच.

३.४ बॅट फिरवण्याचा क्षण

आता हे साधन गेमला लावून पाहू.

'द शो'मध्ये फलंदाजीच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत खेळणाऱ्याने कंट्रोलरच्या डाव्या दांडीने पडद्यावरील एक खूण चेंडू जेथे येणार त्या जागी न्यायची आणि त्याच वेळी अचूक क्षणी बटण दाबायचे. दुसरीत फटक्याची दिशा तेवढी सुचवायची, तिसरीत केवळ क्षण साधायचा. काठिण्याच्या पातळ्याही नवशिक्यापासून 'लेजंड'पर्यंत चढत्या आहेत. पातळी वाढते तसा चेंडूचा वेगही वाढतो. पहिल्या पद्धतीत आणि वरच्या पातळीवर खेळणारा नवा माणूस पहिले काही तास जवळजवळ प्रत्येक वेळी बाद होतो.

हा दोष आहे काय? ज्याला शनिवारी संध्याकाळी भावंडांबरोबर अर्धा तास मजा करायची आहे, त्याच्या दृष्टीने नक्कीच. परंतु खेळाचे यथार्थ दर्शन घडवणे हे ज्या गेमचे ध्येय आहे, त्याच्या दृष्टीने हे अपयश म्हणजेच आशय. पन्नास वेळा बाद झाल्यानंतर खाली वळणारा चेंडू ओळखून बॅट न फिरवता सोडून देता येतो, त्या क्षणी काहीही न केल्याचा जो आनंद होतो, तो या खेळाच्या गाभ्यातला आनंद आहे. सोपा गेम तो देऊ शकत नाही. तेव्हा हा अनित्यदोष. आणि तीन पद्धती, अनेक पातळ्या ठेवून निर्मात्यांनी रस निवडण्याचा अधिकार खेळणाऱ्याच्या हाती दिला, हा गुण.

याच्याशी निगडित एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती अधिक सूक्ष्म आहे. खूण अगदी योग्य जागी, बटण अगदी योग्य क्षणी. गेम स्वतःच पडद्यावर दोन्ही 'परफेक्ट' असल्याचे जाहीर करतो, आणि तरीही चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात जाऊन बसतो. खेळणाऱ्याला हा अन्याय वाटतो. प्रत्यक्ष बेसबॉलमध्येही जोरकस, निर्दोष फटका क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो आणि चुकीचा, अर्धवट लागलेला चेंडू रिकाम्या जागी पडतो. याविरुद्ध तक्रार कोणाकडे करणार? येथे माझे मत सांगतो. दैवाचा हा वाटा गेमने राखला हे योग्यच आहे. मात्र 'परफेक्ट' हा शब्द पडद्यावर झळकवणे हा भाषेचा दोष आहे. या शब्दाने फळाचे आश्वासन दिले जाते. गेमला सांगायचे असते ते केवळ कृतीविषयी. खेळणाऱ्याचा संताप फटक्यामुळे होत नाही, त्या शब्दामुळे होतो.

तुलनेसाठी एक जुना गेम घेऊ. ईए स्पोर्ट्सचा 'एमव्हीपी बेसबॉल २००५' आजही अनेक जाणकार या प्रकारातील मानदंड मानतात. त्यात एक सोय होती : पिचरच्या हातातून सुटताना चेंडू क्षणभर एका रंगात चमके आणि त्या रंगावरून तो सरळ वेगाचा आहे की वळणारा, हे ओळखता येई. खरा चेंडू असा चमकत नाही. पण मैदानावरील निष्णात बॅटर चेंडूवरील शिवणीची फिरकी पाहून जे ओळखतो, ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणे कठीण असते. म्हणजे वास्तवात असलेली माहिती माध्यमामुळे हरवते आणि गेम ती वेगळ्या चिन्हाने परत देतो. भाषांतराचा अभ्यास केलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. मूळ भाषेतील श्लेष जसाच्या तसा आणता येत नसेल, तर कुशल भाषांतरकार तोच परिणाम दुसऱ्या साधनाने साधतो. त्या रंगाला 'अवास्तव' म्हणून नाकारणारा परीक्षक शब्दशः भाषांतराचाच आग्रह धरतो, असे म्हणावे लागेल.

याउलट 'सुपर मेगा बेसबॉल ४' हा २०२३ मध्येच आलेला गेम वास्तवाचा दावाच करत नाही. त्यातील खेळाडू व्यंगचित्रांसारखे, फुगीर देहाचे आहेत. त्यात काठिण्याला 'इगो' असे खट्याळ नाव असून खेळणाऱ्याने ० ते ९९ यांपैकी आकडा स्वतःसाठी ठरवायचा. चेहरे खरे नाहीत अशी तक्रार या गेमविषयी करणे म्हणजे लोकनाट्यात नेपथ्य नाही म्हणून रडण्यासारखे आहे.

३.५ 'वास्तव' कोणाच्या मालकीचे?

'द शो'च्या जाहिरातीत आणि परीक्षणांतही 'वास्तवदर्शी' हे विशेषण ठायी ठायी आढळते. संघांची खरी नावे, खरी बोधचिन्हे, खरी मैदाने, खऱ्या खेळाडूंच्या लकबी. हे सारे प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु हे वास्तव कलावंताच्या निरीक्षणातून जितके येते तितकेच परवान्यातूनही येते, ही गोष्ट परीक्षकाने विसरू नये.

१९८८ साली अमेरिकेत आलेल्या 'आर.बी.आय. बेसबॉल' या गेममध्ये खेळाडूंची नावे खरी होती, कारण खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता. लीगचा परवाना नसल्यामुळे संघांना मात्र केवळ शहराची वा प्रदेशाची नावे होती. १९९४ साली निन्टेन्डोने केन ग्रिफी ज्युनिअर यांच्या नावाने काढलेल्या गेममध्ये नेमके उलटे घडले : संघ खरे, पण ग्रिफी वगळता सर्व खेळाडूंची नावे काल्पनिक. 'एमव्हीपी २००५'मध्ये जवळजवळ सर्वकाही खरे होते. तथापि त्या काळचे सर्वांत गाजलेले बॅटर बॅरी बॉन्ड्स त्यात नव्हते, कारण ते संघटनेच्या सामूहिक करारातून बाहेर पडले होते. त्यांच्या जागी 'जॉन डाउड' नावाचा कोणी एक काल्पनिक इसम बेफाम फटके मारीत असे. बेसबॉलप्रेमी ते पाहून काय समजायचे ते समजत.

आणि त्या गुणी गेमचे पुढे काय झाले? २००५ च्या प्रारंभी टेक-टू या प्रतिस्पर्धी कंपनीने लीगशी करार केला. त्यानुसार पुढील वर्षापासून कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या वगळता अन्य कोणालाही मेजर लीगचे गेम काढता येणार नव्हते. ईएची मालिका थांबली. टेक-टूची मालिकाही २०१३ च्या आवृत्तीनंतर बंद पडली. सोनीचा 'द शो' मात्र टिकला, आणि २०२१ पासून तर तो प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवरही मिळू लागला. आज खऱ्या संघांसह पूर्ण हंगाम बारकाव्यांनिशी खेळावयाचा असेल, तर कन्सोलवर त्याला तुल्यबळ पर्याय नाही. त्यामुळे 'या प्रकारातील सर्वोत्तम गेम' हे वाक्य सत्य असूनही फारसे काही सांगत नाही. एकाच धावपटूच्या शर्यतीत पहिला क्रमांक कोणाचा, हे सांगण्यासाठी परीक्षक लागत नाही. अशा वेळी तुलना गतवर्षीच्या आवृत्तीशी करावी. यंदा नवे काय आले आणि त्यासाठी पूर्ण किंमत पुन्हा मोजावी काय, हे प्रश्न वाचकाच्या खिशाशी संबंधित आहेत आणि परीक्षणात त्यांची उत्तरे यायला हवीत.

३.६ समालोचनाची भाषा

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या अंगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे आपल्याला इतर परीक्षकांपेक्षा अधिक काही सांगता येते.

'द शो २३'मध्ये जॉन शाम्बी आणि क्रिस सिंगलटन यांचे समालोचन ऐकू येते. अर्थात ते प्रत्यक्ष सामना पाहून बोलत नाहीत. आधी ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये, वाक्यांश आणि नावे प्रसंगानुसार जुळवून ऐकवली जातात. रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. गाडीचा क्रमांक, स्थानकाचे नाव, फलाटाचा आकडा हे सुटे सुटे उच्चारलेले तुकडे जोडून वाक्य तयार होते आणि प्रत्येक सांध्यावर आवाज किंचित अडखळतो. गेममधील जोडकाम यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, परंतु प्रश्न तोच आहे. बोलण्यातील अर्थ शब्दांइतकाच सुरावळीत असतो. 'आला' हा एकच शब्द प्रश्नार्थक, आनंदाचा आणि वैतागाचा कसा होतो, हे आपण स्वनविचाराच्या घटकात पाहिले आहे. शेवटच्या डावात, दोन गडी बाद असताना उच्चारलेले नाव आणि दुसऱ्या डावात सहज घेतलेले नाव एकाच सुरात आले, तर श्रोत्याला कृत्रिमता जाणवते. त्याला कारण सांगता आले नाही तरीही ती जाणवते.

पुनरुक्तीची तक्रार तर सर्वच क्रीडा-गेमविषयी होते. नियमित हंगामात एका संघाचे १६२ सामने असतात. ध्वनिमुद्रित वाक्यांचा साठा कितीही मोठा असला तरी मर्यादितच. परंतु पुनरुक्ती स्वतःच दोष आहे काय? खऱ्या समालोचकांचीही ठरलेली वाक्ये असतात, कीर्तनकाराचीही असतात आणि श्रोते त्यांची वाट पाहतात. पुनरुक्ती हा येथेही अनित्यदोषच. खटकते ती ठराविक वाक्यांची पुनरुक्ती नव्हे; खटकते ती एखाद्या खेळाडूविषयीच्या किश्श्याची. किस्सा हा 'तुम्हाला ठाऊक नसलेले सांगतो' अशा भूमिकेतून सांगितला जातो. तो तिसऱ्यांदा त्याच उत्साहाने ऐकवला, की वक्त्याला आपण समोर आहोत याचे भानच नाही, असे श्रोत्याला वाटते. 'समालोचन कंटाळवाणे आहे' या वाक्यापेक्षा एवढे विश्लेषण वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल.

३.७ वगळलेल्यांचा इतिहास

या गेमचे माझ्या मते सर्वांत मोठे यश त्याच्या एका उपविभागात आहे. 'स्टोरीलाइन्स' नावाच्या या विभागात निग्रो लीगमधील आठ खेळाडूंच्या कथा आहेत. (हा शब्द आज कोणाला उद्देशून वापरणे अवमानकारक ठरते, ऐतिहासिक विशेषनाम म्हणून तो संस्थांच्या नावांत टिकून आहे आणि त्याच मर्यादेत येथे घेतला आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीगची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. रूब फॉस्टर यांनी १९२० साली कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरले, तेव्हा ती भिंत पडू लागली. सॅचेल पेज या अद्वितीय पिचरला मेजर लीगमध्ये पहिली संधी मिळाली ती १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी.

गेममध्ये कॅन्सस सिटीतील निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक एकेका खेळाडूची गोष्ट सांगतात. ते जातिवंत कथेकरी आहेत. गोष्टीचा एक प्रसंग संपला, की कंट्रोलर आपल्या हाती येतो आणि तोच प्रसंग आपण खेळायचा. पेज यांच्या जागी उभे राहून चेंडू फेकायचा.

याचे मूल्यमापन कसे करावे? केवळ 'उपक्रम स्तुत्य' असे लिहिणे म्हणजे हेतूला गुण देणे होय. हेतू पुष्कळांचे चांगले असतात. मला महत्त्वाची वाटते ती रचना : आधी श्रवण, मग कृती. ऐकलेले नाव लगेच हाताच्या हालचालीशी जोडले जाते आणि त्यामुळे लक्षात राहते. शिवाय ज्या खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत नव्हते, त्यांना इतर महान खेळाडूंच्या पंगतीत बसवण्याचे काम येथे झाले. या लीगना 'मेजर' दर्जा असल्याची घोषणा एमएलबीने डिसेंबर २०२० मध्ये केली. त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत २०२४ साली सामावले गेले. म्हणजे हा गेम त्या नोंदींच्या एक वर्ष आधीचा आहे.

त्रुटीही आहे, आणि ती मूलगामी आहे. खेळावयाचे प्रसंग सारे पराक्रमाचे आहेत : अमुक इतके गडी बाद करा, अमुक फटका मारा. बसमधील रात्री, हॉटेलांनी नाकारलेल्या खोल्या, उपाहारगृहांची बंद दारे यांच्याविषयी निवेदनात ऐकता येते. हाताने मात्र काही करता येत नाही. खेळणाऱ्याच्या वाट्याला विजय येतो आणि अपमान निवेदकाच्या वाट्याला. अपमान 'खेळण्याजोगा' करणे कदाचित अशोभनीयच ठरले असते, हेही खरे. म्हणून मी याला निर्मात्यांचा प्रमाद म्हणणार नाही. ज्या माध्यमात हाताला काही ना काही साध्य करावे लागते, त्या माध्यमाची ही मर्यादा आहे. मर्यादा आणि दोष यांतील फरक परीक्षणात दाखवलाच पाहिजे.

३.८ पैसा आणि यंत्र

नित्यदोषाचे उदाहरण म्हणता येईल असे या गेममध्ये काय आहे? 'डायमंड डायनॅस्टी' या विभागात खेळाडूंची पत्ते-स्वरूप कार्डे गोळा करून स्वतःचा संघ बांधायचा आणि इंटरनेटवरून इतरांशी सामने खेळायचे. कार्डांची बंद पाकिटे गेममधील चलनाने विकत घेता येतात. हे चलन खेळून मिळवता येते, तसेच खऱ्या पैशांनीही विकत घेता येते. पाकिटात कोणते कार्ड निघेल हे आधी कळत नाही. न्यायाने बोलायचे तर खेळून बरेच काही मिळवता येते आणि पैसे न खर्चताही उत्तम संघ उभारता येतो. तरीही स्पर्धेच्या निकालात कौशल्याखेरीज पैशाला शिरकाव देणे, ही गोष्ट खेळाच्या मूळ कल्पनेलाच बाधक आहे. कोणत्याही रसाच्या संदर्भात ती शोभत नाही. घरात अल्पवयीन मुले असलेल्या वाचकासाठी हा परिच्छेद परीक्षणात अग्रभागी यावा. बेल्जियमच्या जुगार-नियामक आयोगाने २०१८ साली काही गेममधील अशाच बंद पेट्यांना जुगाराच्या व्याख्येत बसवले होते.

यंत्राविषयी एकच मुद्दा. प्लेस्टेशन ५ वर हा गेम प्रतिसेकंद ६० चित्रे दाखवतो, निन्टेन्डो स्विचवर ३०. वर सांगितलेल्या ०.४ सेकंदाशी याचा गुणाकार करा. एका यंत्रावर चेंडूच्या प्रवासाची २४ चित्रे दिसतात, दुसऱ्यावर १२. एकाच नावाचा गेम, परंतु चेंडू ओळखण्यासाठी मिळणारे पुरावे निम्मे. उलट स्विच बसमध्ये नेता येतो, हाही गुण लहान नाही. म्हणून आपण गेम कोणत्या यंत्रावर, कोणत्या काठिण्यपातळीवर, किती तास खेळलो, हे परीक्षकाने आरंभीच नमूद करावे. ग्रंथपरीक्षणात आवृत्ती नोंदवतो, तसेच हे.

स्वाध्याय

१. पुढील विधाने परीक्षणात जशीच्या तशी स्वीकारता येतील का? प्रत्येकामागील निकष शोधून विधान पुन्हा लिहा : (अ) 'हा गेम फार कठीण आहे.' (आ) 'खेळाडू खऱ्यासारखे दिसतात.' (इ) 'समालोचन तेच तेच आहे.'

२. आपण स्वतः खेळलेल्या किंवा घरातील कोणी खेळत असताना निदान दोन तास जवळून पाहिलेल्या एका गेमचे सुमारे ५०० शब्दांत परीक्षण करा. त्यात एक तरी अनित्यदोष दाखवा आणि तो कोणासाठी दोष व कोणासाठी गुण आहे, ते स्पष्ट करा. आपण गेम स्वतः खेळला की केवळ पाहिला, याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात असावा.